रान काढणाऱ्या दोघी

आमच्या बँकेच्या लॉबीत ती म्हातारी बाई खाली बसली, तेव्हा सगळ्यात आधी धावपळ झाली ती प्लॅस्टिकच्या शीटसाठी. संगमरवरावर रंग सांडला तर उत्तर कोण देणार, ही सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधली पहिली काळजी. सिक्युरिटीच्या अंकलनी तिच्या चारी बाजूंना 'जमीन ओली आहे' असं सांगणारे पिवळे कोन मांडले. मधे ती, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी चित्रकार. अंगात फुलाफुलांचा झगा, एसीपायी डोक्यावर लोकरीची टोपी, समोर काळा रंग दिलेलं मोठं कापड आणि हातात एक काडी. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. आजूबाजूने सूटबूट जात होते आणि तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

बँकेने वाळवंटातल्या चित्रांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. मी कम्प्लायन्समध्ये. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणे हा माझा धंदा, चित्रांशी माझा संबंध काय? पण एचआरवाली म्हणाली, "यू आर इंडियन, यू लाइक धिस काइंड ऑफ थिंग, राइट?" आणि मला स्वयंसेवक केलं. माझं काम दोनच गोष्टींचं होतं. टॉयलेट कुठे आहे ते सांगायचं आणि कुणाला कापडावर पाय देऊ द्यायचा नाही.

म्हातारीबरोबर तिची भाची होती, चाळिशीची. इंग्रजी ती बोलायची. म्हातारी आपल्याच भाषेत दोन शब्द पुटपुटायची, तेही मनात आलं तर. ती एका जागी बसून काढत नव्हती. थोडं काढलं की बूड सरकवत पुढे जायची, अशी कापडाला वळसा घालत काढायची. आमचे एक मोठे साहेब थांबले आणि त्यांनी विचारलं, याची वरची बाजू कुठली? भाची म्हणाली, "वरची बाजू नाही. ही जमीन आहे." साहेब हसले आणि लिफ्टकडे गेले. भाची हसली नव्हती.

मग फावल्या वेळात तिने मला समजावलं. गोल आहे ते पाणी. लांब रेघा वाळूच्या टेकड्या. हे अर्धगोल म्हणजे बसलेल्या बायका. हा सगळा मावशीच्या वडिलांचा मुलूख, तिच्या वडिलांच्याही आधीपासूनचा. ज्याचा मुलूख त्यानेच काढायचा, दुसऱ्याचा काढायला हात लावायचा नाही. मी विचारलं, एवढे ठिपके कशाला? म्हणाली, काही गोष्टी परक्यांनी बघायच्या नसतात, त्यांच्यावरून ठिपके घालतात. खाली काय आहे ते मावशीला माहीत आहे, तेवढं पुरे.

झाकून ठेवण्याचं मला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. मीही चार वर्षं एक गोष्ट झाकून बसले होते, पण माझ्या झाकण्यात असा काही मान नव्हता.

लातूरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमची जमीन होती. आई तिला जमीन म्हणत नाही, रान म्हणते. रानाच्या प्रत्येक तुकड्याला नाव. वरचं रान, विहिरीचं रान, चिंचेची पट्टी, ओढ्याकडचं. वडील गेले आणि मी आईला सिंगापूरला घेऊन आले, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. लाँग टर्म व्हिजिट पास मिळाला तेव्हा मी पेढे वाटले होते. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. आईचा त्याला दर रविवारी फोन आणि दर रविवारी पहिला प्रश्न एकच, "रानात गेलतास का?"

ती इथे आल्यावर थोड्याच दिवसांत भावाचा मला ऑफिसात फोन आला. "अक्का, सोलरवाले आलेत. आजूबाजूचे सगळे देऊन मोकळे झाले. आपलंच मधे राहिलं तर जायला वाटसुद्धा उरणार नाही. कसणारं कोण आहे? मी का तू?" भाऊ माझा चोर नाही, हे आधीच सांगते. त्याला दोष देता आला असता तर मला जरा बरी झोप लागली असती. त्याचं बोलणं बिनतोड होतं आणि मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र मी लगेच करून दिलं. आमच्याकडे बहिणीने माहेरच्या जमिनीत वाटा मागायचा नसतो. मागितला तर भाऊबीज बंद होते आणि सोडला तर गावभर नाव होतं. मी सोडला आणि दोन दिवस स्वतःच्या मोठेपणावर खूश होते.

राहिली विक्रीच्या कागदांवर आईची सही. ती खरं कळल्यावर देणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मी, जी रोज लोकांना विचारते की सही करणाऱ्याला कागद वाचून दाखवला होता का, त्या मी आईला सांगितलं, "बाबांचं नाव काढून तुझं लावायचंय."

ती हरखली. स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊन आली, पदराला पुसले. पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, एकेक अक्षर थांबून. भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर करायची होती तिथेही मी तिला नेलं आणि समोरच्या माणसाने काही विचारायच्या आत मीच भराभर बोलले. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "आता सातबाऱ्यावर माझं नाव लागलं न्हाई का?"

"लागलं," मी म्हणाले.

तेव्हापासून ती रानाची मालकीण होती आणि रान नव्हतं.

तिला प्रदर्शन दाखवायला मी कशाला नेलं, कुणास ठाऊक. दिवसभर घरात बसून असते, म्हातारीला म्हातारी बघून बरं वाटेल, एवढाच विचार असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एमआरटीने, इथल्या मेट्रोने, आणलं. नऊवारी, स्पोर्ट्स शूज आणि हातात पाण्याची बाटली. लॉबीतल्या भिंतींवरच्या चित्रांकडे तिने पाहिलंच नाही. सरळ पिवळ्या कोनांपाशी गेली आणि उभी राहिली. बराच वेळ बघून मला म्हणाली, "ती बाई रान काढायली."

मी थक्क झाले. मला समजायला भाचीचं अर्ध्या तासाचं व्याख्यान लागलं होतं. "तुला कसं कळलं गं?"

"कळायला काय झालं? बांधाबांधानं चालल्यागत सरकायली की ती."

मग गुडघ्यांना शिव्या घालत ती खालीच बसली, शीटच्या कडेला. सिक्युरिटीच्या अंकलनी माझ्याकडे पाहिलं, मी आढ्याकडे पाहिलं. म्हातारीने मान वर करून आईला न्याहाळलं आणि एका गोलावर बोट ठेवलं. "पानी," आई म्हणाली. भाचीने मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, तिला वरचे दात नव्हते.

पुढचा तासभर मी दुभाष्याचं काम केलं. आईने विचारलं, शेजाऱ्याचा बांध कुठाय? भाची म्हणाली, बांध नसतो. आईला ते काही पटलं नाही. बांध न्हाई तर भांडनं कशावरून करतेत, असं तिने विचारलं आणि हे मी भाषांतरित केल्यावर म्हातारी पोट धरून हसली. मग तिने काहीतरी विचारलं. भाचीने मला सांगितलं, "मावशी विचारतेय, तुमच्या आईच्या मुलखाकडे आता कोण बघतं? माणसं गेली नाहीत तर मुलूख आजारी पडतो."

मी आईला सांगितलं. आई ताठ बसली. "सांग तिला, ल्योक बघतोय माझा. सातबारा माझ्या नावावर हाय."

मी तेही भाषांतरित केलं, जसंच्या तसं. इतकं बिनचूक काम मी बँकेतही करत नसेन. आतून मात्र मला स्वतःची शिसारी आली.

नंतर आई टॉयलेटला गेली तेव्हा मी भाचीला विचारलं, मावशी तिथेच राहते का, त्या मुलखात? भाची म्हणाली, नाही. मावशीची मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा मशिनवर जावं लागतं आणि मशिन शहरात आहे. मुलूख एक अख्खा दिवस गाडी चालवली तर येतो. इथेही काल सकाळी तिला डायलिसिसला नेलं होतं. "आता ती तिकडे राहायला काही जाणार नाही," भाची शांतपणे म्हणाली. "म्हणून काढते."

घरी येताना आम्ही एमआरटीत बसलो. तान्जोंग पागार स्टेशन गेल्यावर आई म्हणाली, "यंदा येळवशीला मला गावाकडं घेऊन चल. तुझ्या पोरीला बी. तिला रान दाखवायचं हाय, बांधानं फिरवायचं हाय. मी मेल्यावर तिला कोन सांगंल, कुठून कुठवर आपलं हाय ते?"

मी म्हणाले, बघू.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. इथल्या माझ्या पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या "कसली अमावस्या?" म्हणून अंग चोरतात. आमच्याकडे तो मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर आंबिल. पूजा झाली की घरातल्या एकाने आंबिल घेऊन सगळ्या रानाला वळसा घालायचा, बांधाबांधाने शिंपडत, आरोळी देत. आरोळीचे शब्द कानडी आहेत, त्यांचा अर्थ विचारला की आमच्याकडे लहान पोरांना मार बसायचा.

बघू बघू करत मी दोन महिने काढले. आधी मुलीची परीक्षा, मग तिकिटं नाहीत, मग माझी रजा. शेवटी आईच म्हणाली, "र्‍हाऊ दे. हितंच करू."

तिने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. सण सुट्टीच्या दिवशी आला होता. सकाळीच तिने हॉलमधला सोफा आम्हा मायलेकींकडून भिंतीला लावून घेतला आणि तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन खाली बसली. रांगोळी घालते तशी चिमटीतून रेघ सोडत ती सरकू लागली. थोडं काढायचं, बूड पुढे सरकवायचं. तशीच, अगदी त्या बाईसारखी. आधी बाहेरची हद्द, मग आतले बांध. विहिरीला गोल. चिंचेला गोल आणि भोवती सावलीचे ठिपके. वरच्या रानाला तिने आडव्या रेघा दिल्या, "हितं चढ हाय, म्हनून नांगर आडवा धरायचा." माझी चौदा वर्षांची मुलगी, जी आजीला एरवी हो-नाहीच्या पलीकडे उत्तर देत नाही, ती मांडी घालून समोर बसली होती आणि वहीत सगळं उतरवून घेत होती. "आजी, धिस वन व्हॉट नेम?" "चिंचेची पट्टी." "चिं-चे-ची पट्टी."

पाच दगड मी मासे विकणाऱ्या दुकानातून आणले होते, टाकीत घालतात ते गुळगुळीत. चुना मिळाला नाही म्हणून ऑफिसातून आणलेला व्हाइटनर लावला. आईने नाक मुरडलं, पण मांडले. मी स्वयंपाकघरात भज्जी ढवळत होते आणि बाहेरचं ऐकत होते. कित्येक वर्षांनी मला घरात सणासारखं वाटलं होतं. मी स्वतःला सांगत होते की हेच बरं आहे, चित्रातलं रान कुणी नेत नाही. झाकली मूठ, आयुष्यभर झाकलेलीच राहील.

बाहेर आई एका जागी अडली. ओढा विहिरीच्या वरून वळतो की खालून, हे तिला आठवेना. तिने एक रेघ काढली, पुसली, परत काढली. "असं कसं इसरले मी?" तिचा आवाज घाबरला होता. "त्यातच धुनं धुतलं की मी इतकी वर्सं."

"वेट, आजी. कॅन चेक लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

ती टॅब्लेट आणायला उठली हे मी ऐकलं. तरी त्यातला धोका मला क्षणभर कळला नाही. भज्जी तळाला लागत होती, मी ती उतरवली. पळी हातात तशीच घेऊन मी बाहेर आले, तोवर मुलीने गावाचं नाव घालून वरून दिसणारा नकाशा काढला होता. शाळेचं पत्र्याचं छप्पर, मारुतीचं देऊळ, रस्ता. दोघींची डोकी एकमेकींना लागली होती.

"हाच ओढा! बघ, खालूनच वळतोय," आई आनंदाने म्हणाली. मुलगी जमिनीवरच्या रेघांकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत ओरडली, "सो ॲक्युरेट! आजी, यू नेव्हर ईव्हन सी फ्रॉम टॉप!" मग तिने बोटांनी चित्र मोठं केलं आणि ओढ्यावरून वर सरकवलं.

तिथे काळ्यानिळ्या पट्ट्या होत्या. एकीला लागून एक, पार रस्त्यापर्यंत. आमच्या समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर तसल्याच आहेत. मुलीने तोंड उघडलं, "आय थिंक सोलर..." मी तिच्याकडे असं बघितलं की ती थांबली.

आईने टॅब्लेट जवळ घेतला. "हे काय गं काळं काळं? पानी हाय का?"

तिनेच मला वाट करून दिली होती आणि मी त्या वाटेने गेले. "हो, पाणीच आहे. यंदा पाऊस फार झाला ना तिकडे. तळं साचलंय."

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने आपण काढलेल्या रेघांकडे बघितलं, वरच्या रानाच्या आडव्या रेघांकडे.

"चढावर पानी थांबतंय व्हय?" ती म्हणाली.

दुसरं कुणीही फसलं असतं, पण जिने त्या चढावर चाळीस वर्षं डोक्यावरून पाटी वाहिली तिला मी पाणी साचलं म्हणून सांगत होते.

"मला कशाची सही करायला लावलीस?"

मी पळी टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सगळं, भावाचा फोन, हक्कसोड, बसमधलं खोटं. मी रडले, ती रडली नाही. सगळं ऐकून तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"हीर?"

"बुजवली."

"चिंच?"

मी मान खाली घातली.

मुलीच्या हातात आंबिलाचा तांब्या होता. वळसा तिने घालायचा ठरलं होतं, आरोळी तिने सकाळपासून पाठ केली होती. तिला सगळं समजलं नव्हतं, पण काहीतरी मोडलंय हे समजलं होतं. तिने हळूच विचारलं, "आजी, स्टिल वॉक ऑर नॉट?"

"शिंपडायला रान लागतंय, माय," आई म्हणाली. "पिऊन टाक."

मुलगी प्यायली. तिला आंबिल आवडत नाही, तरी उभ्या उभ्या संपवली. आईने मोरीतून ओलं फडकं आणलं आणि पीठ पुसायला घेतलं. मी फडकं घ्यायला गेले तर तिने हात मागे घेतला. तिने ओढ्यापासून सुरुवात केली आणि सरकत सरकत वर गेली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आई माझ्याशी बोलते. जेवलीस का, छत्री घे, एवढं सगळं बोलते. भावाला रविवारी फोन करते, पण पहिला प्रश्न आता त्याच्या रक्तदाबाचा असतो. ती रागावली असती तर मी पाय धरले असते. तिने तीही सोय ठेवली नाही. मुलीने वहीतला नकाशा अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला आहे, चुकीच्या स्पेलिंगांतल्या नावांसकट. आई त्या खोलीत जाते तेव्हा तिकडे पाठ करून बसते.

त्या बाईचं चित्र बँकेने विकत घेतलं. ते आता लॉबीत भिंतीवर उभं टांगलंय, म्हणजे आता त्याला वरची बाजू आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. बाईचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही आणि कुणाला विचारायचं धाडसही होत नाही.

मागच्या महिन्यात मी मूर्खासारखी एक गोष्ट केली. कॅनव्हास, रंग आणि काड्या आणल्या आणि आईसमोर ठेवल्या. म्हणाले, "आई, काढ ना पुन्हा. त्या बाईसारखं. तिलाही परत जाता येत नाही, तरी ती काढतेच ना?"

आई भाजी निवडत होती. तिने रंगांच्या बाटल्यांकडे बघितलं, एक उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

"तिला जाता येईना, पर तिचं रान जाग्यावर हाय," ती म्हणाली. "मी काय काढू? काचा?"